दमा झालाच नव्हता, मग थांबला काय? उंदरांवरच्या एका औषधचाचणीचं प्रकरण

हे प्रकरण महाराष्ट्रातल्या एका औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयातलं आहे. महाविद्यालय, माणसं आणि साल ओळखू येऊ नये एवढे तपशील वगळले आहेत. मी त्या पीएच.डी.ची सहमार्गदर्शक होते. त्यामुळे खाली जिथे जिथे 'आमच्या लक्षात आलं नाही' असं येईल, तिथे त्यातला एक वाटा माझाही धरावा.

पार्श्वभूमी

विद्यार्थिनीचा मूळ विषय औषध फुप्फुसात पोचवण्याचा होता. नाकातोंडावाटे ओढता येईल अशी कोरडी भुकटी करायची, तिच्या कणांचा आकार नीट साधायचा आणि औषध रक्तात कमी व श्वासनलिकेत जास्त पोचेल असं बघायचं. भुकटीसाठी निवडलं होतं रॅपामायसिन, म्हणजेच सिरोलिमस.

या औषधाची गोष्ट मोठी रंगतदार आहे. १९६४ साली कॅनडाच्या एका वैद्यकीय मोहिमेने ईस्टर बेटावरून मातीचे नमुने आणले. त्या मातीतल्या एका जिवाणूपासून माँट्रियलच्या प्रयोगशाळेत सुरेंद्रनाथ सेहगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा रेणू वेगळा केला. बेटाचं स्थानिक नाव रापा नुई, म्हणून रॅपामायसिन. आधी ते बुरशीनाशक म्हणून पुढे आलं. नंतर कळलं की ते प्रतिकारशक्तीला लगाम घालतं. १९९९ मध्ये अमेरिकेत मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर वापरायला त्याला परवानगी मिळाली.

काम करण्याची त्याची रीत थोडक्यात अशी. टी-पेशी म्हणजे प्रतिकारशक्तीतल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी. टी-पेशीला 'वाढ, दुप्पट हो' असा निरोप मिळतो. तो पुढे नेणारं एमटॉर नावाचं एक प्रथिन पेशीत असतं. रॅपामायसिन त्याचीच वाट अडवतं, म्हणजे पेशी जागी होते पण तिची फौज उभी राहत नाही. हे 'फौज उभी राहत नाही' लक्षात असू द्या, सगळं प्रकरण त्याच्याभोवतीच फिरतं.

ॲलर्जीच्या दम्यात टी-पेशींची एक विशिष्ट जात सूत्रधार असते. बहुतेक रुग्णांना ओढायच्या स्टिरॉइडने आराम पडतो, थोड्यांना पडत नाही. त्या थोड्यांसाठी प्रत्यारोपणातली औषधं वापरून बघायची कल्पना जुनी आहे. १९९२ मध्ये लंडनमधल्या संशोधकांनी स्टिरॉइडवर अवलंबून असलेल्या दमेकऱ्यांना सायक्लोस्पोरिन दिलं आणि श्वासाच्या मोजमापात काही सुधारणा दिसली. पण मूत्रपिंड आणि रक्तदाबाचा त्रास बघता तो सौदा परवडणारा नाही, असंच पुढे ठरत गेलं. आमचं म्हणणं होतं की औषध थेट फुप्फुसात गेलं तर हा त्रास टळेल. म्हणणं वाईट नव्हतं. त्याआधी 'रॅपामायसिनने दम्याला फरक पडतो' एवढं आपल्या हाताने दाखवायचं होतं, आणि ती नुसती औपचारिकता आहे असं आम्ही धरून चाललो होतो.

पहिला प्रयोग

उंदराला आपणहून दमा होत नाही, तो करावा लागतो. सगळ्यात रुळलेली रीत अंड्याच्या पांढऱ्या बलकातल्या ओव्हाल्ब्युमिन या प्रथिनाची. बाल्ब-सी जातीच्या माद्या घ्यायच्या, वय सहा ते आठ आठवडे. दिवस ० आणि दिवस १४ ला ते प्रथिन तुरटीच्या जातीच्या एका क्षारात कालवून पोटात टोचायचं. याला सेन्सिटायझेशन म्हणतात. हा परका पदार्थ शत्रू आहे, हे शरीराला इथे पढवलं जातं. मग २४, २५ आणि २६ व्या दिवशी उंदरांना पारदर्शक डब्यात बसवून त्याच प्रथिनाचं धुकं नेब्युलायझरने अर्धा तास सोडायचं. हे चॅलेंज. दोन दिवसांनी प्राणी सॅक्रिफाइस करून, म्हणजे मारून, फुप्फुस बघायचं.

फुप्फुस बघायचं म्हणजे श्वासनलिकेत बारीक नळी बसवून थंडगार सलाइन आत सोडायचं, हलक्या हाताने परत ओढून घ्यायचं आणि त्या पाण्यातल्या पेशी स्लाइडवर घेऊन रंगवायच्या. निरोगी उंदराच्या पाण्यात जवळजवळ सगळ्या मॅक्रोफेज असतात: मोठ्या, फिकट, आळसावलेल्या. दमा केलेल्या उंदराची स्लाइड लावली की सगळं क्षेत्र गुलाबी दाण्यांनी भरून जातं. त्या इओसिनोफिल, ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी. उंदराच्या इओसिनोफिलचं केंद्रक बांगडीसारखं असतं, मधे भोक. एकदा डोळ्याला सवय झाली की चुकत नाही.

चार गट होते, प्रत्येकी आठ उंदीर. एक निरोगी. एक दमा केलेला आणि उपचाराच्या जागी सलाइन मिळणारा. एक दमा अधिक डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड. आणि एक दमा अधिक रॅपामायसिन, किलोमागे १ मिलिग्रॅम, एक दिवसाआड, पहिल्या टोचणीच्या आदल्या दिवसापासून शेवटपर्यंत. वीस ग्रॅमच्या उंदराला २० मायक्रोग्रॅम, म्हणजे जेमतेम दिसेल न दिसेल एवढा कण.

निकाल डोळ्यांत भरणारा होता. रॅपामायसिनच्या स्लाइड निरोगी उंदरांच्या स्लाइडमध्ये मिसळल्या असत्या तर वेगळ्या काढता आल्या नसत्या. रक्तातलं आयजीई, म्हणजे ॲलर्जीचं प्रतिपिंड, खाली, श्वासनलिकेच्या अस्तरातला कफाचा किरमिजी रंग जवळजवळ नाहीसा. आणि डेक्सामेथासोनपेक्षाही सरस! मुख्य मार्गदर्शक सरांनी पेढे आणले. एका परिषदेसाठी गोषवारा त्याच आठवड्यात गेला. त्यावर माझंही नाव होतं आणि मी तो वाचून 'छान' असं कळवलं होतं.

अडचण

परिषदेआधी विभागात रंगीत तालीम म्हणून सादरीकरण झालं. सरांच्या ओळखीचे एक छातीविकारतज्ज्ञ ऐकायला आले होते. त्यांचा उंदरांशी संबंध नाही, दिवसभर दमेकरी तपासणारा माणूस. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "मॅडम, तुमच्या या शेवटच्या गटाला दमा झाला कधी होता?"

विद्यार्थिनीने वेळापत्रकाची स्लाइड परत लावली. औषधाचा बाण दिवस ० च्या डावीकडून सुरू होत होता. डॉक्टर म्हणाले, "माझा पेशंट येतो तेव्हा त्याला वीस वर्षांपासून धुळीची ॲलर्जी असते. त्याला ॲलर्जी व्हायच्या आधी औषध द्यायचं तर मला त्याच्या जन्माच्या वेळी हजर राहायला लागेल."

खोलीत थोडं हसू झालं. मला काही हसू आलं नाही, कारण उत्तर माझ्यासमोर होतं. टी-पेशींची फौज उभी राहण्याच्या नेमक्या काळात आम्ही फौज उभी न राहू देणारं औषध देत होतो. त्या उंदरांनी ओव्हाल्ब्युमिनला शत्रू मानायला शिकलंच नाही. मग २४ व्या दिवशी धुकं सोडलं काय किंवा नुसती हवा सोडली काय. आम्ही दमा थांबवला नव्हता, शरीराला पढवणारी ती टोचणी एका लशीसारखी होती आणि ती आम्ही फुकट घालवली होती. आणि हे तर प्रतिकारशक्ती दाबणारं जवळपास कुठलंही औषध करेल.

त्या संध्याकाळी मी वह्या घेऊन बसले. एकदा संशय आला की पानापानातून काहीतरी निघतं. तीन गोष्टी निघाल्या.

पहिली: डेक्सामेथासोन आम्ही २३ व्या दिवसापासून दिलं होतं, कारण वाचलेल्या निबंधांत तसंच होतं. रॅपामायसिन मात्र चार आठवडे. म्हणजे 'स्टिरॉइडपेक्षा सरस' हे वाक्य औषधाचं नव्हतं, कॅलेंडरचं होतं. एकाला शर्यतीत तीन आठवडे आधी सोडलं होतं.

दुसरी: रॅपामायसिन पाण्यात विरघळत नाही. ते आधी अल्कोहोलमध्ये विरघळवून मग पॉलिइथिलीन ग्लायकॉल आणि ट्वीनच्या मिश्रणात उतरवावं लागतं. या वाहक द्रवाला व्हेइकल म्हणतात. आमच्या दमा-गटाला सलाइन मिळालं होतं, व्हेइकल नव्हे. तेव्हा दोन गटांतला फरक औषधाचा की वाहकाचा, हे आमच्या आकड्यांतून सांगताच येत नव्हतं.

तिसरी: उंदरांची वजनं दर आठवड्याला नोंदली होती, पण फक्त डोस काढण्यासाठी. त्यांचा आलेख कुणी काढला नव्हता. काढला तेव्हा दिसलं की बाकीचे गट भरत गेले होते आणि रॅपामायसिनचा गट जिथल्या तिथे थांबला होता.

एक शंका मात्र खोटी ठरली, तीही सांगते. विद्यार्थिनीने स्लाइड मोजताना कुठली कुठल्या गटाची हे तिला माहीत होतं. आम्ही लेबलं झाकून दुसऱ्या मुलीकडून सगळ्या पुन्हा मोजून घेतल्या. आकडे जवळजवळ तेच आले. मोजण्यात खोट नव्हती. मोजलं ते बरोबरच होतं, पण विचारलेला प्रश्न वेगळा होता.

कोणते पर्याय होते

परिषदेला अकरा दिवस उरले होते, फेलोशिपचं दीड वर्ष.

सरांना सगळ्यात सोयीचा वाटलेला मार्ग म्हणजे निकाल तसाच मांडायचा, फक्त 'उपचार' हा शब्द काढून 'प्रतिबंध' घालायचा. हे खोटं ठरलं नसतं. असे निबंध ढिगाने छापले जातात. पण वाहकाचा घोळ त्याने सुटत नव्हता, आणि पुढची भुकटी कोणासाठी हा प्रश्न तर उभाच होता. ॲलर्जी होण्याआधी घ्यायचं प्रतिकारशक्ती दाबणारं औषध निरोगी पोराला कोण देईल?

दुसरा मार्ग तेच प्रतिमान, म्हणजे उंदरात दमा करायची तीच रीत, ठेवून औषध सेन्सिटायझेशननंतर, म्हणजे धुक्याच्या आदल्या दिवसापासून द्यायचा. स्वस्त, महिन्याभराचं काम, हात बसलेला. मर्यादा अशी की तीन दिवसांच्या धुक्याने होते ती तीव्र सूज. माणसाचा वर्षानुवर्षांचा दमा तो नव्हे. आणि ओव्हाल्ब्युमिनचं धुकं महिनोन्महिने देत राहिलं तर उंदीर त्याला सरावतात, सूज उलट ओसरते. त्यामुळे हेच प्रतिमान लांबवताही येत नाही.

तिसरा मार्ग घरातल्या धुळीतल्या किडीचा, म्हणजे डस्ट माइटचा अर्क वापरण्याचा. तो नाकात थेंबाथेंबाने आठवड्यांमागून आठवडे द्यायचा, तुरटीची मदत लागत नाही. किडीच्या स्वतःच्या प्रथिनांत अस्तर पोखरणारी विकरं (एन्झाइम) असतात, ती वाट करून देतात. आपल्याकडच्या गाद्या-उशांत हीच कीड असते, तेव्हा माणसाच्या दम्याशी नातंही जवळचं. दमा आधी पक्का होऊ द्यायचा, मग औषध चालू करायचं. शास्त्राच्या बाजूने हाच योग्य. पण अर्क आयात, महाग, प्रत्येक खेपेचा जोर वेगळा, आणि उंदीर व वेळ दोन्ही जास्त.

चौथा मार्ग म्हणजे रॅपामायसिन सोडून द्यायचं.

निवड सोपी करणारी, खरं तर अवघड करणारी, गोष्ट विद्यार्थिनीला दोन दिवसांत सापडली. अमेरिकेत सिनसिनाटीच्या बालरुग्णालयातल्या संशोधकांनी हेच आधी केलेलं होतं. २०११ च्या त्यांच्या निबंधात डस्ट माइटच्या दम्यात सुरुवातीपासून दिलेल्या रॅपामायसिनने सगळं आटोक्यात ठेवलं होतं. २०१३ मध्ये त्यांनीच दमा पक्का झाल्यावर औषध देऊन पाहिलं. टी-पेशी आणि आयजीई कमी झाले, पण श्वासनलिकेच्या चिडखोरपणावर परिणाम नाही. दीर्घकाळच्या प्रतिमानात फुप्फुसाच्या पाण्यातल्या दाहक पेशी तर चक्क वाढल्या, आणि इओसिनोफिलना बोलावणारं ईओटॅक्सिनही. डेक्सामेथासोनने निदान पेशी तरी खाली आणल्या होत्या.

आमच्या संदर्भयादीत २०११ चा निबंध होता, २०१३ चा नव्हता. मी विचारलं तेव्हा विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, पहिला आपल्याला लागणारा होता, म्हणून तिथेच थांबले." एवढं सरळ उत्तर मी त्या वर्षात दुसरं ऐकलं नाही.

समितीसमोर

प्राण्यांना क्रूरतेपासून वाचवणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली प्रत्येक संस्थेत प्राणीप्रयोगांची नीतिसमिती असते आणि तिच्यात बाहेरून नेमलेला प्रतिनिधी बसतो. वेळापत्रक बदलायचं म्हणजे त्यांच्याकडे सुधारित अर्ज. आम्ही दुसरा आणि तिसरा मार्ग मिळून शंभरावर उंदीर मागितले.

बाहेरच्या प्रतिनिधी बाई पशुवैद्यक होत्या. त्यांनी २०१३ चा निबंध आमच्याआधी काढून ठेवला होता. "झालेला प्रयोग पुन्हा कशाला?" हा त्यांचा पहिला प्रश्न. सर म्हणाले, आम्हाला फुप्फुसात थेट द्यायचं आहे, तिथे उत्तर वेगळं येऊ शकतं. बाई म्हणाल्या, "मग भुकटी करून या. टोचून द्यायचा प्रयोग भुकटीबद्दल काय सांगणार?"

त्यांचा मुद्दा बिनतोड होता. माझी बाजू एवढीच की आमच्या हातात, आमच्या उंदरांत, डेक्सामेथासोनसारखं ठरलेलं औषध ठरल्यासारखं वागतं का, हे समान वेळापत्रकावर एकदाही बघितलेलं नाही. ते न बघता भुकटी करून आणली तर तिचाही निकाल वाचता येणार नाही. तासभराच्या चर्चेनंतर तडजोड झाली. आधी फक्त दुसरा मार्ग. एकच मुख्य मोजमाप आधी लिहून द्यायचं: फुप्फुसाच्या पाण्यातले इओसिनोफिल. डेक्सामेथासोनने ते जेवढे उतरतील त्याच्या निम्मे तरी रॅपामायसिनने उतरले, तरच डस्ट माइटच्या टप्प्याचा अर्ज करायचा. नाहीतर थांबायचं. आणि सुरुवातीला चार निरोगी उंदरांना नुसतं व्हेइकल देऊन बघायचं.

ही शेवटची अट मला तेव्हा कागदी वाटली होती.

प्रत्यक्षात काय केलं

आमच्या ॲनिमल हाउसला एक मामा आहेत. पिंजरे धुणं, भुसा बदलणं, पाण्याच्या बाटल्या भरणं हे त्यांचं काम. प्रत्येक पिंजऱ्यात ते टिश्यू कागदाची एक पट्टी टाकतात. उंदीर ती रात्रीतून कुरतडून, फुलवून तिचं घरटं करतात. व्हेइकलच्या चाचणीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी मामा दारात उभे. "मॅडम, कडेच्या पिंजऱ्यातल्यांनी कागद फाडलाच नाय."

जाऊन पाहिलं. कागदाची पट्टी घडीसकट तशीच होती. चारही उंदीर कोपऱ्यात एकमेकांना चिकटून, पाठीला बाक, केस विस्कटलेले, डोळे अर्धवट मिटलेले. उंदीर दुखतंय म्हणून ओरडत नाही, तो असा बसतो. आणि यांना औषधाचा एक कणही दिलेला नव्हता.

व्हेइकलची कृती तपासली. विद्यार्थिनीने ती पेशींवरच्या जुन्या प्रयोगांच्या वहीतून उचलली होती. तिथे औषधाचा थेंबभर साठा पुढे भरपूर पातळ होत असे; इथे तो तसाच पोटात जात होता. अल्कोहोलचं प्रमाण पोटाच्या आवरणाला जाळण्याइतकं होतं. पहिल्या प्रयोगात हेच मिश्रण आठ उंदरांना चार आठवडे, एक दिवसाआड टोचलं होतं.

याचा अर्थ मला संध्याकाळी घरी भाजी चिरताना उमगला. सततच्या वेदनेने उंदराच्या अधिवृक्क ग्रंथीतून कॉर्टिकोस्टेरॉन वाढतं. ते शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड आहे आणि इओसिनोफिल तेही खाली आणतं. आमच्या त्या सुंदर स्लाइडमधला काही भाग उंदरांनी दुखण्यातून स्वतःच तयार केलेल्या स्टिरॉइडचा असू शकेल. किती, ते आता कळणार नाही, कारण तेव्हा व्हेइकलचा गट नव्हता आणि रक्तही पुरेसं उरलं नव्हतं.

मिश्रण बदललं: अल्कोहोल अगदी नावाला, आकारमान कमी, टोचण्याआधी खोलीच्या तापमानाला आणलेलं. नव्या चार उंदरांनी पहिल्याच रात्री कागदाचा फज्जा उडवला. मामांनी मला हाक मारून तो दाखवला.

मग मुख्य प्रयोग. पाच गट: निरोगी अधिक व्हेइकल, दमा अधिक सलाइन, दमा अधिक व्हेइकल, दमा अधिक डेक्सामेथासोन, दमा अधिक रॅपामायसिन. दोन्ही औषधं एकाच व्हेइकलमध्ये, दोन्ही २३ व्या दिवसापासून, दोन्ही रोज. एका पिंजऱ्यात एकच गट ठेवायचा नाही, चिठ्ठ्या टाकून वाटायचं. नळ्यांवर फक्त सांकेतिक अंक. कुठला अंक कुठल्या गटाचा ही किल्ली भांडारपालांच्या कपाटात. ओव्हाल्ब्युमिनच्या बाटलीतलं एंडोटॉक्सिन आधी तपासून घेतलं, कारण जिवाणूंचे ते अवशेष फुप्फुसाची सूज स्वतःच वेगळ्या वळणावर नेतात. वजन रोज, आणि पिंजऱ्यावरच्या कार्डावर घरट्यासाठी एक नवा रकाना.

एका गोष्टीवर वाद झाला. आमच्याकडे उंदराला मोकळा ठेवून श्वास मोजण्याचा डबा होता. त्यातून पेनह नावाचा आकडा मिळतो आणि तो श्वासनलिका किती आवळते याचा पुरावा म्हणून सर्रास छापला जातो. प्रत्यक्षात त्यात श्वासाची लय आणि वेळ यांचीच सरमिसळ असते. नळी आवळली की उंदीर बिथरला हे तो नीट सांगू शकत नाही. नळी घालून थेट मोजण्याचं यंत्र दुसऱ्या संस्थेत होतं, पण जिवंत प्राणी तिथे नेणं म्हणजे प्रवासाचा ताण आणि नव्या परवानग्या. आम्ही पेनह सोडून दिला. त्यामुळे श्वासाबद्दल आमच्याकडे काहीच आकडा नाही, ही या कामातली खरीखुरी उणीव आहे.

निष्पत्ती

किल्ली उघडली तेव्हा खोलीत आम्ही चौघं होतो.

डेक्सामेथासोनने आपलं काम चोख केलं होतं. नव्या व्हेइकलचा गट आणि सलाइनचा गट जोडीने चालले, म्हणजे वाहक आता निर्धोक होता. रॅपामायसिनच्या गटात इओसिनोफिल विखुरलेले आले: दोन-तीन उंदरांत कमी, बाकीच्यांत व्हेइकलएवढेच. ठरवलेल्या निम्म्याच्या रेषेच्या बरंच अलीकडे. आयजीई हललं नव्हतं. ते बनवण्याची यंत्रणा औषधाच्या आधीच उभी झालेली होती. श्वासनलिकेच्या अस्तरातला कफ मात्र कमी दिसत होता. तोही लेबलं झाकून बघितलेला.

इथे या प्रकरणातला सगळ्यात अवघड निर्णय आला. पहिल्या चुका अज्ञानाच्या होत्या. हा निर्णय सगळं माहीत असताना घ्यायचा होता.

सर म्हणाले, "दम्याने माणूस दगावतो तेव्हा श्वासनलिकेत कफाचे बोळे सापडतात. इओसिनोफिल मोजून कोणी मरत नाही. मग कफ कमी झाला हा निकाल का धरायचा नाही?" मुद्दा वैद्यकाच्या बाजूने खरा आहे. शिवाय इओसिनोफिलनेही फसवलेलं आहे: त्यांना कमी करणारं मेपोलिझुमॅब २००० साली दमेकऱ्यांवर पहिल्यांदा तपासलं तेव्हा पेशी उतरल्या पण श्वासात फरक दिसला नाही, रुग्ण नीट निवडल्यावर, २००९ मध्ये, त्याची किंमत कळली. तेव्हा आमचं मोजमाप काही दगडावरची रेघ नव्हती.

माझं म्हणणं होतं की ते मोजमाप आपण निवडलं, समितीला लिहून दिलं, आणि आता निकाल बघून दुसरं उचलतोय. पाच गोष्टी मोजल्या की एखादी आपल्या बाजूने पडतेच. कफ हवा असेल तर नवा अर्ज, कफ हेच मुख्य मोजमाप. विद्यार्थिनी त्या बैठकीत फारसं बोलली नाही. शेवटी एवढंच म्हणाली, "सर, डस्ट माइटचे साठ उंदीर मलाच सॅक्रिफाइस करायचेत. मला काय शोधतेय ते आधी ठाऊक असायला हवं."

आम्ही थांबलो. डस्ट माइटच्या अर्काचं कोटेशन फाइलमध्येच राहिलं. परिषदेचा गोषवारा त्याआधीच मागे घेतला होता. आयोजकांना दोन ओळींचं पत्र गेलं की वाहकाचा तुलनागट नसल्याने निष्कर्ष टिकत नाहीत. प्रबंधात दोन्ही प्रयोग शेजारी-शेजारी छापले, दोन्ही वेळापत्रकं एकाच पानावर. भुकटीचं काम टिकलं, पण रेणू बदलून, आधीच ओढून घेतलं जाणारं एक स्टिरॉइड घेऊन. तिची पदवी ठरल्याहून सुमारे वर्षभर उशिरा झाली. फेलोशिप मधेच संपली, ते महिने तिने शिकवण्या घेऊन काढले.

वेगळं काय करता आलं असतं

छातीविकारतज्ज्ञांचा प्रश्न दोन मिनिटांचा होता आणि ते महाविद्यालयापासून रिक्षाने पंधरा मिनिटांवर बसतात. प्रयोग ठरवताना त्यांना बोलावलं असतं तर बत्तीस उंदीर वाचले असते. आम्ही त्यांना ऐकवायला बोलावलं, विचारायला नाही.

वेळापत्रक मी स्वतः तीनदा वाचलं होतं, पण ओळींच्या रूपात: 'औषध: दिवस –१ पासून', 'चॅलेंज: दिवस २४'. एकाखाली एक आडव्या रेषा ओढून, त्यावर 'या दिवशी उंदीर आजारी आहे' अशी एक रेष काढली असती तर पोरालाही दिसलं असतं. आता विभागात प्रत्येक प्राणीप्रयोगाला ती रेष काढावी लागते.

पहिला प्रयोग मुळात चूक होता असं मात्र मी म्हणणार नाही. सुरुवातीपासून औषध देऊन बघण्याला अर्थ आहे. त्याने औषध त्या वाटेवर पोचतं एवढं कळतं. तो पहिला दगड म्हणून ठीक होता. आम्ही त्यावर घर बांधायला निघालो. आणि व्हेइकलचा गट वगळण्याला तर कसलंच समर्थन नाही. उंदीर वाचवायचे म्हणून तो वगळला होता, आणि त्यापायी चाळीस जास्तीचे लागले.

थांबण्याच्या निर्णयाबद्दल मी आजही शंभर टक्के निश्चिंत नाही. आठ-आठच्या गटात निकाल असे विखुरले की खरा पण मध्यम परिणाम निसटू शकतो. निम्म्याची रेषा आम्ही बैठकीत, चहा पिताना ठरवली होती. तिच्यामागे गणित नव्हतं. गटातली संख्या आधीच्या प्रयोगातल्या चढउतारांवरून काढायला हवी होती आणि त्यासाठी संख्याशास्त्राचा माणूस समितीच्या बैठकीआधी हवा होता, नंतर नव्हे. सर अजून म्हणतात की कफाचा धागा आपण फार लवकर सोडला. मागच्या महिन्यात त्यांनी नव्या विद्यार्थ्याकडून एक अर्ज लिहून घेतला आहे. मुख्य मोजमापाच्या रकान्यात कफ आहे, औषध दमा पक्का झाल्यावर सुरू होतं आणि पहिल्याच पानावर व्हेइकलचा गट. रकाना भरताना त्या मुलाने मामांना विचारलं म्हणे, की घरट्याची नोंद रोज किती वाजता घ्यायची.